तांबटाचा हत्ती आणि साळुंकीचे तीन प्रश्न

एका राज्यात मुलं होती, खेळणी होती, पण खेळ नव्हता. राज्यातलं झाडून सारं खेळणं नागोशेटच्या दुकानातून जाई, आणि त्या दुकानाला शाप होता. तिथल्या फळीवर चढलेला भोवरा फिरत नसे, पिपाणी वाजत नसे. सात-सात वर्षांची पोरं ओट्यावर म्हाताऱ्यांसारखी हनुवटीला हात लावून बसत.

झालं होतं असं. पूर्वी एका मांत्रिकानं दुकानात एक बाहुली आणली. ती इतकी सुबक, की नागोशेटनं पोरांच्या हाती न देता ती काचेआड ठेवली. मांत्रिक म्हणाला, "जपता? मग जपतच बसा!" उःशाप त्यानं दुकानातल्या साळुंकीच्या कानात सांगितला आणि तिच्या जिभेला गाठ मारली. तिनं विचारावं, सांगू नये.

शेवटी राजानं दवंडी पिटवली. ज्याच्या नव्या खेळण्यानं शाप उतरेल, त्याचं नाव दुकानाच्या दारावर कोरलं जाईल. मग काय विचारता! जो तो स्वतःला विश्वकर्मा समजू लागला. न्हाव्यानं केस वाढणारी बाहुली आणली. जोशीबुवांनी फेकणाऱ्याकडेच परत येणारा चेंडू आणला. साळुंकी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारी. कोणी केलं? काय करतं? कोणतं मूल याच्याशी खेळलं? तिसऱ्या प्रश्नाला भलेभले गार पडत. न्हावी म्हणाला, "अजून कोणी नाही, नवंकोरं आहे." खरं बोलला, म्हणून निदान बाहुली घेऊन धड घरी गेला. जोशीबुवांनी थाप मारली, तेव्हा चेंडू आपोआप उडाला आणि त्यांच्याच नाकावर येऊन बसला.

त्याच नगरात सटवाजी तांबट राहत होता. घागरी ठोकून पोट भरायचा, पण तीन वर्षं त्याचा जीव एका वीतभर तांब्याच्या हत्तीत अडकला होता. चावी दिली की हत्ती सात पावलं चाले, सोंड उचले आणि मुजरा करी. गल्ली त्याला हत्तीवेडा म्हणून हसे. दारावर नाव लागलं की यांची तोंडं बंद होतील, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

त्याला ठकू नावाची सहा वर्षांची आईवेगळी पोर होती. तिनं एकदा हत्तीच्या कानाला बोट लावलं. सटवाजीनं तिच्या हातावर फाडकन मारलं. "मोडेल ना!" त्यानंतर तिनं कधी बोट लावलं नाही. पोरीला समज आली, म्हणून सटवाजी मनात खूश झाला.

त्याची पाळी आली. हत्ती चालला, मुजरा केला, नागोशेटनं मान डोलावली.

"कोणी केलं?" साळुंकीनं विचारलं.

"मी, सटवाजी तांबटानं."

"काय करतं, ते दिसलं. कोणतं मूल याच्याशी खेळलं?"

सटवाजी चटकन म्हणाला, "माझी ठकू. रोज खेळते."

"उद्या तिला घेऊन ये," साळुंकी म्हणाली.

घरी येऊन त्यानं पोरीला समोर बसवलं. "ठकू, उद्या विचारतील. रोज खेळते म्हणायचं."

"खोटं बोलायचं, बाबा?"

"एवढंच एक."

"बरं," ठकू म्हणाली, आणि जेवताना पुटपुटत तेवढं वाक्य पाठ करत राहिली. सटवाजीनं ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात राजा येऊन बसला होता. पेठ लोटली होती. साळुंकीनं विचारलं, "मुली, याच्याशी खेळतेस?"

"हो. रोज खेळते," ठकूनं पाढा म्हणावा तसं म्हटलं.

"मग खेळून दाखव."

हत्ती फरशीवर ठेवला गेला. ठकू त्याच्यापुढं उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं धरून. चावी कुठं असते, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं बापाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाबा, हात लावू? मारणार नाही ना?"

साऱ्या दुकानाला ते ऐकू गेलं. सटवाजीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणी अशा वेळी कोणालाच घेत नाही. कान तापले, डोळे भरले. अशी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती.

"महाराज," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. पोरीलाही खोटं शिकवलं. ती याच्याशी एकदाही खेळलेली नाही. बोट लावलं, तर मी तिला मारलं."

"मग उचल तुझा हत्ती," नागोशेट गरजला, "आणि चालू लाग."

सटवाजी खाली वाकला, पण त्यानं हत्ती उचलला नाही. तो पोरीजवळ बसला आणि चावीवर तिची बोटं ठेवली. "लाव हात. मोडला तर मोडला."

ठकूनं चावी फिरवली, फिरवतच राहिली. हत्ती सुसाट सुटला, खांबावर आपटला, आणि सोंड तुटून पडली. ठकूनं हत्तीकडं पाहिलंच नाही, बापाच्या हाताकडं पाहिलं. सटवाजीनं सोंड उचलून तिला दिली आणि विचारलं, "आता याला हत्ती कसं म्हणायचं गं?"

ठकूनं विचार केला. "डुक्कर म्हणू या," ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

त्याच क्षणी फळीवरचे भोवरे गरगरले. पिपाण्या आपोआप वाजल्या. काच तडकली आणि मांत्रिकाची बाहुली बाहेर उतरली. साळुंकीच्या जिभेची गाठ सुटली. ती म्हणाली, "पोरानं मोडावं आणि करणाऱ्यानं रागवू नये, एवढाच उःशाप होता."

पोरं ओट्यांवरून उठली. राजानं दारावर सटवाजीचं नाव कोरवलं. गल्ली त्याला मान देऊ लागली. सटवाजी मात्र त्या दारावरून जाईना, मागच्या बोळानं जाई.

राज्याचा शाप घटकेत उतरला. घरचा उतरायला वेळ लागला. ठकू साधा तांब्या उचलायचा तरी विचारी, "घेऊ का?" सटवाजी दर वेळी सांगे, "घे," आणि दर वेळी मनात खजील होई. असं करता करता दिवाळी गेली, होळी गेली. एके सकाळी पाहतो तर ठकूनं कोणालाही न विचारता त्याची हातोडी घेतलेली, आणि गिऱ्हाइकाच्या नव्या घागरीला दणादण पोचे पाडत बसलेली. सटवाजी उंबऱ्यातच बसला आणि ते डोळे भरून पाहत राहिला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्याची लाज त्याच्यापाशी राहो, ठकूचं हसू तुमच्या घरी येवो.