तळ्यापुढची चिंच

एका तळ्याकाठच्या गावात त्र्यंबक नावाचा एक चित्रकार राहत असे. डोंगर, झाडं, नद्या एवढंच तो रंगवायचा. माणसांच्या वाटेला जायचा नाही, कारण माणसं आपलं नाक नीट आलं नाही म्हणून भांडतात. त्याच गावात रखमाजी नावाचा दुसरा निसर्गचित्रकार होता. त्र्यंबकाला त्याच्या कामाचं भारी कौतुक. पारावर बसला की म्हणायचा, "रखमाजींसारखी नजर पंचक्रोशीत कुणाची नाही."

एकदा राजाने दवंडी पिटवली. जो या तळ्याचं उत्तम चित्र काढील, त्याला दरबारी चित्रकार नेमलं जाणार होतं. त्र्यंबक हातातलं सगळं टाकून कामाला लागला. काठावरची जुनी चिंच त्याने पुढ्यातच घेतली आणि तिचं पान न् पान रंगवलं. चित्र पुरं झाल्यावर, ते कसं झालंय हे विचारायला त्याने मोठ्या हौसेने रखमाजीला घरी बोलावलं. शाबासकी मिळणार याची त्याला खात्रीच होती.

रखमाजीने दारातूनच डोळे किलकिले करून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "त्र्यंबकराव, चिंच झकास उतरलीय. पण तिच्यामागे तळं हरवलंय. ती काढून टाका."

त्र्यंबकाचा चेहरा पडला. जलरंगातलं झाड पुसता येत नाही, म्हणजे सगळं चित्र नव्याने करायला हवं. शिवाय रखमाजी स्वतःही त्याच चढाओढीत उतरलेला. "माझं चित्र वेळेत होऊ नये, हाच त्याचा डाव," त्र्यंबक बायकोजवळ धुसफुसला.

अंबू तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "रोज त्यांच्या नजरेचे गोडवे गाता. ती नजर त्यांचं चित्र काढताना चांगली आणि तुमचं बघताना वाईट, असं कसं होईल?"

त्र्यंबकाला ते चांगलंच झोंबलं. पण तो उठला, चित्र भिंतीला टेकवून दारात जाऊन उभा राहिला. चिंचच चिंच दिसत होती. तिच्यावर त्याचा जीव होता, म्हणून वाईटही वाटलं. तरी त्याने नवा कागद ताणला. या वेळी झाड घेतलं नाही, आणि उन्हात चमकणाऱ्या पाण्यासाठी कागद तसाच कोरा सोडला.

राजाने त्र्यंबकाचंच चित्र पसंत केलं. दरबाराबाहेर त्र्यंबकाने रखमाजीला गाठलं. आनंदापेक्षा त्याला लाजच जास्त वाटत होती. "मी तुमच्याविषयी वाईट मनात आणलं," तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसला असतात, तर ही जागा तुमची होती."

"होती खरी," रखमाजी म्हणाला. "पण तुम्ही विचारलंत. खोटं सांगितलं असतं, तर माझीच नजर बिघडली असती. आणि मला उद्याही चित्र काढायचंय."

तात्पर्य: ज्याच्या कामाचं आपण कौतुक करतो, त्याने आपली चूक दाखवली तर तीही तेवढ्याच मोकळ्या मनाने ऐकावी.