एका तोंडात दोन जबडे

ह्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव बघू!

बार्शीच्या गोजराबाईला वरचा एकही दात उरला नव्हता. हुपरीकर डॉक्टरांनी तिच्या जबड्यात सहा स्क्रू बसवले. आता त्यांच्यावर सगळ्या दातांची एकच अखंड पट्टी आवळायची होती. माप जरा चुकलं की स्क्रू ढिले होणार, आन् बाई जन्मभर पेजेवर.

धाकट्या डॉक्टरीणबाई मुजावर म्हणाल्या, "सर, तोंडाबाहेरच्या कॅमेऱ्यानं सगळे स्क्रू एकदमच टिपू या."

"काही गरज नाही!" हुपरीकर गुरगुरले. "माझी कॅमेऱ्याची कांडी तोंडात फिरत तुकडे टिपते, कॉम्प्युटर ते जोडतो. केसाचीही चूक नाही."

गोजराबाई म्हणाली, "मग सायेब, एकदा उजवीकडनं फिरवा, एकदा डावीकडनं. आन् दोन्ही चित्रं एकावर एक ठेवा."

डॉक्टरांनी हसत हसत ठेवली. चित्रं मधे जुळली, पण टोकांना फाकली.

"अगं बया! देवानं वरचा जबडा एकच दिलाता, तुमच्या कांडीनं दोन केले. आता दात कुठल्याला बसवताय, आन् उपाशी कुठल्याला ठेवताय?"

हुपरीकरांनी कांडी बाजूला ठेवली. मग बाहेरच्या कॅमेऱ्यानंही दोनदा माप घेतलं. दोन्ही चित्रं अशी बसली, की एकच दिसलं.

"हा माझा जबडा!" गोजराबाई म्हणाली.

त्याच मापाची पट्टी बसली. आता ती कडक भाकरीसुद्धा कडाकडा मोडते.

आन् तू काय माझ्या दातांकडं टकामका बघतोस? जा की आता!