पळसाचं खरं पान

"भरल्या पंगतीत माझी आमटी भातापासून पळाली आणि दिवाणजींची जागच्या जागी राहिली! हे काय चाललंय?" राजा समरबाहू ताडकन उठला.

चाललं होतं एवढंच, की राजाची पत्रावळ कोकणातल्या पळसाची होती, दाट शिरांची; त्या शिरांच्या पन्हळींतून आमटी वाहून गेली. दिवाणजींची घाटावरच्या पळसाची, विरळ शिरांची. पण इतकं साधं कारण राजाला कसं पटणार?

"राज्य एक, राजा एक, आणि पळसाच्या शिरा दोन तऱ्हांच्या? हे उघड उघड बंड आहे!"

पळसाच्या रानात राहून पत्रावळी लावणारा म्हातारा भिवा हात जोडून म्हणाला, "सरकार, भातात आळं केलं असतं, तर..."

झालं! राजाला जेवायला शिकवतो म्हणजे काय? झाडं कोठडीत मावेनात, म्हणून भिवाला कोंडलं. हुकूम सुटला: पुढच्या पंगतीला सगळ्या पानांच्या शिरा सारख्या हव्यात, नाहीतर भिवा रानातून कायमचा हद्दपार. रानाबाहेर कधी न राहिलेला माणूस, ढसाढसा रडला बिचारा.

सकाळी त्याची लेक ठमी दरबारात हजर.

"हुकूम मान्य, सरकार. सगळी पानं सारखी करून देते."

"बघा दिवाणजी! धाक असला की झाडंसुद्धा सुधारतात!"

"तर हो! फक्त पळसाचं खरं पान कुठलं, तेवढं सांगा. कोकणातलं की घाटावरचं? जे खोटं ठरेल, त्याची झाडं मुळासकट उपटते."

"हात्तिच्या! खरं पान म्हणजे..."

राजाच्या उजवीकडे आईसाहेब बसल्या होत्या, माहेर कोकणातलं. डावीकडे राणीसाहेब, माहेर घाटावरचं. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"बोल ना रे," आईसाहेब म्हणाल्या. "कोकणातलं खोटं का?"

"बोला की," राणीसाहेब म्हणाल्या. "घाटावरचं उपटायचं?"

राजानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी छत न्याहाळू लागले.

"दोन्ही खरी!" राजा कसाबसा म्हणाला.

"दोन्ही खरी? मग बंड केलं कुणी, सरकार? आणि माझा बाप कोठडीत कशापायी?"

आईसाहेब हसल्या. राणीसाहेब हसल्या. त्या दोघी एकाच वेळी हसताहेत म्हटल्यावर राजाही पोट धरधरून हसला. गप्प बसायची त्याची छाती नव्हती! भिवा सुटला, आणि राज्यातल्या पळसाच्या रानांची राखण बापलेकीकडे आली, कोकणातल्याही आणि घाटावरच्याही.