सटवाजी जासुदाची पितळी घुंगरं

हसू नका रे, पाय पोटाशी घेऊन नीट बसा. करंजखिंडीच्या वळणावर एस.टी.चा ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून मोठ्यांदा आपलं नाव का सांगतो, ते ऐकायचंय ना? मग मधे बोलू नका.

फार वर्षं झाली. तेव्हा या डोंगरात ना सडक होती ना मोटार. राजाचं टपाल जासूद पळत न्यायचे. आपल्या गावचा सटवाजी असाच जासूद. पळणं हाच त्याचा धंदा, त्यावरच घरची चूल पेटायची. खांद्याला थैली, हातात काठी, काठीला पितळी घुंगरं. असं म्हणतात, की तो खिंड उतरायला लागला की वारा मागं राहून धापा टाकायचा. पाऊस पाठीमागून यायचा आणि हा कोरडाठाक चौकीवर उभा! खोटं वाटतंय? वाटू दे. माझ्या पणजीनं सांगितलंय, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

दरबाराचा नियम मोठा कडक. थैली खांद्यावर असेपर्यंत जासुदानं थांबायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. बारा वर्षं जो हे पाळील, त्याच्या काठीला खुद्द राजा रुप्याची घुंगरं बांधणार. तो मान तोवर कुणालाच मिळाला नव्हता. सटवाजीनं तो मनावर घेतला. लग्न केलं नाही, जत्रा पाहिली नाही, नुसता पळत राहिला.

घरात एकटी आई, ठकूबाई. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेले होते. तरी त्याच्या फेरीच्या दिवशी काठी टेकत वळणावर यायची. हातात पाण्याचा तांब्या, पदरात गुळाचा खडा. घुंगरं वाजली की ओरडायची, "सटवा, घोटभर पाणी पी रं बाबा!" घुंगरं तशीच पुढं जायची.

घरी आल्यावर तो म्हणायचा, "आये, बारा वर्सं भरू दे. मग तिथंच बसून अख्खा तांब्या पितो."

"तवर मी ऱ्हाते का बघ," असं म्हणून ती हसायची, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तांब्या भरायची.

बारा वर्षं भरली. राजानं वाजतगाजत पितळी घुंगरं सोडवली आणि रुप्याची बांधली. आता परतीची एवढी एक थैली चौकीवर टाकली, की नियम सुटणार होता. सटवाजी हवेतच पळत निघाला. पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात.

पण घुंगरं बदलणार, हे त्यानं आईला कधी सांगितलंच नव्हतं, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. एका वाटेवर एकच जासूद असायचा. तो मेला, तरच त्याच्या जागी दुसरा यायचा, नवी घुंगरं वाजवत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मग ठकूबाईला नसेल?

वळणावर तिनं ते बारीक, परकं वाजणं ऐकलं आणि तांब्या-गूळ खाली ठेवला. "कोन रं तू?" ती ओरडली. "माझा सटवा कुठं पडला?"

सटवाजीनं ऐकलं. अगदी नीट ऐकलं. "आये, मीच हाय." तीन शब्द, बास. ओठांवर आलेही होते. पण बारा वर्षं! चौकी तर कोसभरावर. आत्ता जातो आणि आत्ता येतो, असं म्हणत तो पळाला. अरे मेल्या, तीन शब्दांना असा किती वेळ लागतो?

थैली टाकून तो परत आला, तेव्हा वळणावर तांब्या भरलेला होता, गुळाला मुंग्या लागल्या होत्या. म्हातारी लेकाला शोधायला खिंडीकडं गेली होती. वर दरीच्या कडेला तिची काठी तेवढी सापडली.

सटवाजीनं रुप्याची घुंगरं दरीत भिरकावली. घरातली जुनी पितळी घुंगरं काठीला बांधली आणि "आये, मीच हाय" असं ओरडत सात दिवस डोंगर पालथा घातला. कातळावर पावलं उमटलीत ना, ती त्याचीच, असं म्हणतात. आठव्या दिवसापासून तो कुणाला दिसला नाही. पण धुकं दाटलं की पितळी घुंगरं अजून वाजतात. मी स्वतः ऐकलीत, आणि मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून आपल्या गावात रुप्याची घुंगरं कुणी वाजवत नाही. नवरीचे पैंजणसुद्धा मुके असतात. वळणावर पाळीपाळीनं एकेक घर तांब्या भरून ठेवतं, शेजारी गूळ. कितीही घाई असो, तिथं थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि दरीकडं तोंड करून आपलं नाव सांगायचं, "आये, मी अमका, मीच हाय."

आणि प्रत्येकाचं सांगून झालं, की ज्याच्या घरची पाळी असते तो शेवटी आणखी एक नाव घेतो. सटवाजीचं.