कोतवालाने पाजलेला काढा

खूप खूप जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात राजाने मोठी रुग्णशाळा बांधली होती. तापाने फणफणलेला, झाडावरून पडलेला, विळ्याने कापून घेतलेला, कुणीही यावं आणि बरं होऊन जावं. जाताना माणसं उंबऱ्याला हात लावून कपाळाला टेकवत.

पण एका वर्षी विपरीतच घडू लागलं. ताप उतरत आलेले रोगी अचानक ओकू लागायचे, त्यांची नाडी बुडायची आणि बघता बघता ते डोळे मिटायचे. एकदा झालं, पुन्हा झालं, आणि गावात कुजबुज सुरू झाली, "आत कुणीतरी विष घालतंय."

राजाने दवंडी पिटवली, "ज्याच्या हातून रोग्याचा घात होईल, त्याला जन्मभर अंधारकोठडी!" आणि तपासाला आपल्या कोतवालाला धाडलं.

कोतवाल भारी संशयी. दूध समोर आलं की आधी त्यात पाणी किती ते बघणारा. रुग्णशाळेत पाऊल टाकताच त्याला जो तो गुन्हेगार दिसू लागला. वैद्य शेजारच्या राज्यातून आलेला, म्हणजे शत्रूचा माणूस असणार. स्वयंपाकी मागच्या दारात एका बाईशी बोलत होता, ती कोण? झाडणारा म्हातारा सारखा खाली मान घालून का चालतो?

तेवढ्यात एक तरुण विणकर दगावला. त्याच्या उशाशी बसलेली सेविका रडत होती. तिचे हात थरथरत होते.

"का रडतेस?" कोतवालाने विचारलं.

"काही नाही, सरकार."

"काही नाही म्हणणाऱ्याच्याच पोटात काहीतरी असतं!" असं म्हणून त्याने तिला कोठडीत टाकलं.

त्या दिवसापासून रुग्णशाळेतलं बोलणंच आटलं. औषध कुणी दिलं असं विचारलं, की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उत्तर, "मी तिथे नव्हतो." शेजारी शेजारी काम करणारी माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागली. आणि रोगी दगावायचे काही थांबले नाहीत.

वैद्य काकुळतीला येऊन म्हणाला, "कोतवालसाहेब, रोग्याच्या पोटात काय गेलं ते वेळेत कळलं, तर मला उतारा देता येईल. इथे कुणी तोंडच उघडत नाही. नुसती नाडी धरून मी काय करू?"

कोतवालाने डोळे बारीक केले. "की तुम्हाला सगळं ठाऊकच आहे? उद्यापासून काढ्याला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक रोग्याला मी स्वतः पाजणार."

काही दिवस बरे गेले. कोतवाल मिशीवर ताव देत म्हणाला, "बांधले की नाही विष घालणाऱ्याचे हात?"

मग एका दुपारी घाटात बैलगाडी उलटली. जखमी माणसं आली, एकच आरडाओरडा झाला. सेवकांनी भराभर मडकी काढली, घाईत पुन्हा फळीवर ठेवली. त्या गर्दीत कोतवालाने वाटी भरून तापाने पडलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला पाजली.

नावाडी तोंड वाकडं करत म्हणाला, "आज लई कडू हाय, सायेब."

कोतवालाने वाटी नाकाशी नेली आणि त्याला दरदरून घाम फुटला. तो तापाचा काढा नव्हताच. जखमा धुवायला उकळलेलं ते कण्हेरीच्या सालीचं पाणी होतं, पोटात गेलं तर जहर. दोन्ही मडकी काळी, दोन्हींच्या तोंडाला सारखंच फडकं, दोन्ही एकाच फळीवर.

'हे मडकं इथे कुणी ठेवलं?' हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. त्याने चहूकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. तेव्हा दुसरा विचार आला, तो पहिल्याहून वाईट. 'गप्प राहिलो, तर आळ वैद्यावर जाईल.' वाटी धरलेले हात थरथरू लागले. त्या हातांकडे पाहताना त्याला एकदम कोठडीतली सेविका आठवली.

"सायेब, पोटात ढवळतंय," नावाडी कण्हला.

"वैद्यराज, धावा!" कोतवाल जिवाच्या आकांताने ओरडला. "माझ्या हातून याला कण्हेर पाजली गेली!"

वैद्याने एका शब्दाने बोल लावला नाही. त्याने गेळफळाचं पाणी पाजून वांती करवली आणि तो नावाड्याच्या उशाशी बसून राहिला. दिवेलागणीला बुडालेली नाडी ठिकाणावर आली.

दुसऱ्या दिवशी कोतवालाने दरबारात पगडी उतरवून राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, दवंडीप्रमाणे मला कोठडीत टाका."

"म्हणजे विष घालणारा तू?"

"विष कुणीच घातलं नाही, महाराज. सारखी मडकी, एकच फळी, घाईचा हात. मी माणसांवर पाळत ठेवत राहिलो, फळीकडे पाहिलंच नाही."

सेविकेला आणलं गेलं. ती म्हणाली, "माझ्याही हातून हेच झालं. विणकराने वाटी रिकामी केली तेव्हा मला कळलं. बोलले असते तर तो वाचला असता. पण दवंडी आठवली, आणि वाचाच बसली."

विणकराची आई तिथेच उभी होती. ती सेविकेला शिव्याशाप देईल असं सगळ्यांना वाटलं. पण तिने कोतवालाकडे पाहिलं, मग राजाकडे पाहिलं. "माझा लेक गेला तो हिच्या चुकीने. पण हिच्या तोंडाला कुलूप कुणी घातलं?"

राजाने मान खाली घातली.

जुनी दवंडी मागे घेतली गेली आणि सेविकेची सुटका झाली. नवी दवंडी अशी होती, "चूक झाली तर त्याच क्षणी सांगा. सांगणाऱ्याला अभय." कुंभाराने कण्हेरीच्या पाण्यासाठी तांबडी, दोन कानांची मडकी घडवली आणि ती वेगळ्या खोलीत गेली. औषध पाजण्याआधी दोघांनी ते बघायचं, असं ठरलं. रोज सकाळी सगळे एकत्र बसत आणि काल कुठे हात चुकता चुकता राहिला, ते मोकळेपणाने सांगत. सुरुवातीला पुष्कळ दिवस एकटा कोतवालच बोलायचा. हळूहळू इतरांच्याही जिभा सुटल्या.

त्यानंतरही रुग्णशाळेत माणसं मेली, कारण सगळीच दुखणी बरी होत नाहीत. पण चुकीच्या वाटीने तिथे पुन्हा कुणाचा जीव गेला नाही.

बोध: जिथे चूक सांगायची भीती वाटते, तिथे तीच चूक पुन्हा पुन्हा जीव घेते.