मुक्या कड्यासमोरची फिर्याद

हाक मारली आणि ती परत आली नाही. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. समोर उभा कातळ, मधे दरी, आणि "केतकीऽऽ" म्हणून मी प्रतिध्वनी ऐकायला जीव खाऊन ओरडले, तर आवाज कुणी ओंजळीत झेलून घ्यावा तसा नाहीसा झाला. मी दचकून पायाखालच्या शिळेवरून उतरले ते जवळजवळ पडतच. माझी मैत्रीण केतकी मागेच पाणी पीत उभी होती.

"भ्यालीस व्हय?" आम्हाला वर घेऊन आलेले म्हाळूतात्या हसले. "ह्यो मुका कडा. पूर्वी बोलत हुता. एका बाईनं गप केला त्याला."

पायथ्याच्या ढवळवाडीत असे सांगतात, की चिमाई नावाची एक धनगरीण होती. तिच्या भावाचा, बिराप्पाचा, कळप एका साली रोगाने मेला. चिमाईने आपल्या वाट्याच्या मेंढ्या त्याला उसन्या दिल्या. कळप उभा राहिला की तेवढ्या परत करायच्या, असे बोलणे याच शिळेवर झाले. भावाबहिणीत साक्षीदार कशाला, म्हणून तिसरे कुणी बोलावले नाही.

पुढे चिमाईचा नवरा गेला. पदरात लेकरं, मेंढवाड्यात एक मेंढी नाही. ती मागायला गेली, तर भाऊ म्हणाला, "बहिणीनं दिला त्यो आहेर. आहेर कोण माघारी मागतं?" मग मग तर तो तिच्या हाकेला ओसुद्धा देईना.

तेव्हा तिने गोतसभेत, म्हणजे भाऊबंदांच्या न्यायसभेत, फिर्याद घातली. सख्ख्या भावावर! पंच चपापले. "चिमे, माहेरची चोळी बंद हुईल."

"चोळी माझी मी घेईन," ती म्हणाली. "मेंढ्या द्या. साक्षीला माणूस नाही, तर मेंढ्यांनाच इचारा. माझी हाक त्या इसरायच्या न्हाईत."

भाऊ चटकन कबूल झाला. त्याला कडा ठाऊक होता. त्याने कळप मुद्दाम दरीत, कड्याच्या पायाशी उभा केला. चिमाईने शिळेवरून हाक घातली, कड्याने ती दहा दिशांनी परतवली आणि मेंढ्या बिथरून वाटेल तिकडे पळाल्या. "बघा," बिराप्पा म्हणाला, "डोंगरबी म्हनतोय मेंढ्या माझ्या. द्या त्यालाच!" सभा हसली.

चिमाई हसली नाही. तिने म्हणे कड्यापुढे पदर पसरला. "देवा, तू सगळ्यांनाच ओ देतोस, म्हणून तुझी साक्ष चालत न्हाई. आज गप ऱ्हा. दर साली पहिली लोकर तुला वाहीन." आणि तिने पुन्हा हाक घातली.

कडा बोलला नाही. दरीत त्या बाईचा आवाज तेवढा राहिला. जुन्या मेंढ्यांनी माना वर केल्या. एक निघाली, तिच्यामागे दुसरी, त्यांच्यामागे त्यांची कोकरं, आणि वाट चढून सगळ्या चिमाईच्या पायाशी येऊन थांबल्या. पंचांनी तिथेच निवाडा दिला.

आजही ढवळवाडीत कुणाला नातलगावर दावा लावायचा असेल, तर तो आधी या शिळेवर येऊन त्याला नात्याने हाक मारतो. खालून ओ आली तर बोलणे होते. नाही आली तर तो सरळ तालुक्याला वकिलाकडे जातो, आणि गाव त्याला नावं ठेवत नाही. उलट शेजारपाजारचे त्याला भाकरी बांधून देतात. शिळेच्या कपारीत खोचलेली लोकर मी स्वतः पाहिली.

"पण भाऊ?" मी विचारलं. "तो पुढे बोललाच नाही तिच्याशी?"

तात्यांनी कड्याकडे पाहिलं. कळप वाटून झाला, म्हणाले, सभा उठली. खालच्या वाटेने बिराप्पा मान खाली घालून निघाला होता. चिमाई पुन्हा शिळेवर चढली. "दादाऽऽ," तिने हाक मारली, "आता देणं न्हाई, घेणं न्हाई. आता तरी बोल."

कडा गप्पच होता. मेंढ्याही गप्प. आणि मग खालून, अगदी हळू, माणसाचा आवाज आला.

"ओ, चिमे."