शिंदीवरचं नमुन्याचं घरटं

फार वर्षांपूर्वी एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांच्यात घरटं नर बांधतो आणि मादी ते तपासून पसंत करते. घरटं वाऱ्यात भिरभिरू नये म्हणून आत ओल्या मातीचे गोळे चिकटवायचे. ते किती, हे कळावं म्हणून पूर्वजांनी पलीकडच्या शिंदीला एक नमुन्याचं घरटं टांगून ठेवलं होतं. ते सगळ्यांचं होतं, म्हणून तिकडे कुणीच फिरकत नसे.

भिवबाने शेजारी डोकावून तीन गोळे लावले. आता यमू घर पसंत करते की नाही, एवढीच त्याला धाकधूक होती.

यमू मोजून बाहेर आली. "तीनच? माझी अंडी काय झोपाळ्यावर ठेवू?"

"नाथाभाऊकडेही तीनच आहेत."

"अरे, माझे चार होते, एक गळला," नाथाभाऊ म्हणाला. "आणि मी तरी हणमाचं बघून केलं. त्याचे पाच."

यमू शिंदीवर जाऊन आली. "तिथे नऊ आहेत," एवढंच म्हणून ती दूरच्या फांदीवर बसली.

मग भिवबा स्वतः गेला, दोनदा मोजून आला आणि आणखी सहा गोळे लावले. यमू घरात आली.

आठवड्याने वादळ झालं. बाभळीवर एकच घरटं राहिलं.

पुढच्या हंगामात सगळे भिवबाकडे डोकावायला आले. तो दारातच आडवा बसला. "माझं बघू नका. शिंदीवर जाऊन मोजा."

"एवढ्या लांब?" नाथाभाऊ कुरकुरला.

"विहिरीच्या तळापेक्षा जवळच आहे, भाऊजी," यमू आतून म्हणाली.